पहिल्या नारळाचा मान

सन दोन हजार अडुसष्ट, शके एकोणीसशे नव्वद. महायुद्ध संपलं ते याच साली, आषाढात. पण कातळवण्यात ते संपलं श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला, म्हणजे सत्तावीस दिवस उशिरा. मधल्या त्या दिवसांत युद्ध चालू होतं की संपलेलं होतं, हे गावात कोणालाच छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं. आणि जिला ते सांगता यायला हवं होतं, तिला तर मुळीच नाही.

तिचं नाव शर्वरी तांडेल. वय बावन्न. कातळवण्याच्या जेटीवर ती मासळीचा लिलाव पुकारायची. टोपली समोर आली की अंगठ्याने माशाचा कल्ला उचलायची, एकदा वास घ्यायची, आणि सुरमई कालची की परवाची ते सांगायची. तिच्यापुढे बर्फाची लबाडी चालत नसे. कल्ला जरा जास्तच लाल दिसला तर म्हणायची, "हिला रंग लावलाय. मरणानंतर कोणी इतकं गुलाबी नसतं." युद्धाच्या पहिल्या वर्षी नौदलाची माणसं गावात आली आणि त्यांनी विचारलं, इथे असं कोण आहे ज्याला कोणीही फसवू शकत नाही? तेव्हा तांडेलांशी साता पिढ्यांचं वैर असलेल्या सारंगांनीसुद्धा तिचंच नाव सांगितलं.

त्या काळाची गोष्ट आजच्या मुलांना सांगावी तर ती हसतात. पण तेव्हा खोट्या बातमीला सीमाच राहिली नव्हती. कोणाचाही चेहरा, कोणाचाही आवाज, बोलता बोलता नाक ओढायची सवयसुद्धा यंत्रं हुबेहूब उभी करत. युद्धाच्या सुरुवातीलाच पूर्वेकडच्या एका बंदरात नौसेनापतींचा हुकूम आला, "पाणसुरुंग झोपवा, आपली जहाजं येताहेत." आवाज त्यांचा, चेहरा त्यांचा. सुरुंग झोपवले आणि जहाजं आली ती शत्रूची. त्या दिवसापासून तारेवरून, आकाशातून, पडद्यावरून आलेला कोणताही हुकूम सुरुंगांनी ऐकायचा नाही असं ठरलं.

मग ऐकायचं कोणाचं? तर एका जिवंत माणसाच्या खात्रीचं.

शास्त्रज्ञांना एक गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक होती. आपल्याला खरं वाटणारं वाक्य आणि खोटं वाटणारं वाक्य यांवर मेंदू वेगवेगळा हलतो, तेही अर्ध्या सेकंदाच्या आत, आपल्याला कळायच्या आधी. जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तेव्हा जसा आतून धक्का बसतो, तसा बारीक धक्का खोट्या वाक्याला बसतो. डोक्यावर तारांची टोपी घातली की तो मोजता येतो. त्यावरून खात्रीचं कुलूप तयार झालं. प्रत्येक बंदराला एक राखणदार; त्याने टोपी घालून म्हणायचं, "युद्ध संपलं आहे." त्याच्या मनाला ते खरं वाटलं तर कुलूप उघडणार आणि पाण्याखालच्या तारेतून खाडीच्या तोंडाशी पेरलेल्या सुरुंगांना निजायची खूण जाणार. राखणदाराच्या कपाळाला बंदूक लावून उपयोग नाही, कारण भीतीच्या लाटा वेगळ्या. लाच देऊन उपयोग नाही. नुसत्या इच्छेनेही भागत नाही. इच्छेची लाट वाक्य पुरं व्हायच्या आधीच उठते, आणि यंत्राला ती ओळखू येते.

शर्वरीचा मेंदू शिकायला यंत्राला आठ महिने लागले. जुन्या बर्फाच्या कारखान्यात ते बसवलं होतं. काही केल्या त्याचं समाधान होत नाही म्हणून गावाने त्याचं नाव ठेवलं सासू.

सासूने एकदाच मान डोलावली होती, युद्धाच्या पाचव्या वर्षी. शांतता झाल्याची बातमी आली, देवळातली घंटा वाजली, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, सारंगांनी तांडेलांच्या घरी पेढे पाठवले. शर्वरी हसत हसत टोपी घालून बसली आणि कुलूप पहिल्याच वाक्याला उघडलं. त्याच भरतीला दोन काळ्या होड्या खाडीत शिरल्या. बर्फाचा कारखाना अर्धा जळला. सतरा माणसं गेली. त्यांत शर्वरीचा नवरा सुधन होता.

बारा दिवसांनी तिची मुलगी रेवा, तेव्हा वीस वर्षांची, जहाजावर इंजिनाचं काम शिकायला घर सोडून गेली. दारात उभी राहून एकच वाक्य बोलली, "आई, तू खरं मानलंस म्हणून बाबा गेले."  शर्वरीलाही तसंच वाटत होतं.

तर असं सगळं असताना, तहावर सह्या होऊन आठवडा झाल्यावर, वानखेडे नावाचा तरुण अधिकारी कातळवण्यात येऊन दाखल झाला. मूळचा वर्ध्याकडचा. समुद्र त्याने नोकरीत येऊन पाहिला होता आणि माशाच्या वासाने त्याचा चेहरा अजून आंबट होई.

"काकू, युद्ध संपलं," तो म्हणाला.

"तुम्ही कोण?"

त्याने ओळखपत्र दाखवलं. शर्वरीने ते अंगठ्याने उलटून पाहिलं, कल्ला पाहावा तसं, आणि परत दिलं. "छान आहे. पण छान तर सगळंच असतं."

त्याने तहाची प्रत आणली. चाळीस कलमं. युद्ध का झालं हे त्यांतल्या एकाही कलमात नव्हतं. कोणाची कोणती बेटं, कोणाचे कैदी कधी सुटणार, कोणत्या नदीचं पाणी कोणी प्यायचं, सगळं नीट लिहिलेलं. तिसरं कलम असं होतं की किनाऱ्यापासून पन्नास मैलांत सगळी कुलुपं उघडेपर्यंत काहीही उडवायचं नाही. विमान नाही, यंत्रपाखरं नाहीत, पोराचा पतंगसुद्धा नाही. शर्वरीने सगळी चाळीस कलमं दोनदा वाचली, मग टोपी घातली. आधी नेहमीची वाक्यं. "समुद्राचं पाणी खारट असतं." "माझं नाव शर्वरी." "बांगड्याला पाय असतात." सासूला सगळं पटलं, जे खोटं ते खोटं म्हणून. मग ती म्हणाली, "युद्ध संपलं आहे."

लाल दिवा.

दुसऱ्या दिवशी लाल. तिसऱ्या दिवशी वानखेडे पलीकडच्या बाजूचा एक जिवंत माणूस घेऊन आला, गोरा, जाडा, सर्दी झालेला. त्याने कारखान्याच्या जळक्या भिंतीसमोर उभं राहून मान खाली घातली, दुभाष्यामार्फत माफी मागितली आणि शर्वरीने वाढलेली कोलंबीची आमटी दोनदा मागून घेतली. शर्वरीला त्याचा रागही आला नाही. गोरा माणूस काय, कुठेही मिळतो, असं तिच्या मनात आलं. आणि रडत होता ते खरंच रडत होता, असंही आलं. दोन्ही एकदम. दिवा लालच.

"तुमची काय अडचण आहे ना काकू, तेच समजत नाही," वानखेडे म्हणाला.

"मला समजलं असतं तर तुम्हाला सांगितलं नसतं का?" ती म्हणाली. "मला वाटतं की संपलंय. मग वाटतं, असंच वाटलं होतं त्या वेळी. मग वाटतं, तेव्हा खोटं होतं म्हणून आताही खोटं, हा कुठला न्याय? आणि मग डोकं दुखतं."

सोळाव्या दिवशी क्षितिजावर 'कांचन' दिसली. युद्धात जखमींची ने-आण करणारं जहाज, आता माणसं घरी पोचवत होतं. बेचाळीस जण वर होते आणि त्यांत रेवा होती, असं वानखेडे म्हणाला. एक इंजिन जळालेलं, दुसरं धापा टाकतंय. दुसरीकडे जायचं त्राण त्याच्यात नव्हतं. आजूबाजूची बंदरंही अजून बंदच होती; प्रत्येक बंदराला आपापली शर्वरी होती. 'कांचन'ने नांगर टाकला, पण श्रावणातला समुद्र; छोट्या होड्याही उतरवता येईनात. नांगर चिखलात ओढला जात होता. प्रत्येक भरतीला जहाज सुरुंगांच्या ओळीकडे थोडं थोडं सरकत होतं. कप्तानाचा हिशोब होता की नारळी पौर्णिमेच्या उधाणाला ते ओळीवर येईल.

त्या संध्याकाळी रेडिओवर रेवाचा आवाज आला.

"आई."

शर्वरीने दोन्ही हातांनी टेबल धरलं. चार वर्षांनी ऐकत होती. आवाज थोडा जाड झालेला.

"लहानपणी तुझ्या घशात कर्लीचा काटा अडकला, तेव्हा मी काय केलं?"

"भाताचे गोळे गिळायला लावलेस. आणि पाठीत मारलंस. त्याचा काही उपयोग नव्हता."

हे रेवाने एकदा पत्रात लिहिलं होतं. पत्रं कोणीही वाचतं. मग शर्वरीने जे विचारायचं नव्हतं ते विचारलं.

"घर सोडताना दारात काय बोलली होतीस?"

 खरखरीतून आवाज आला, "ते मी परत नाही बोलणार."

शर्वरी त्या उत्तरावर रात्रभर कूस बदलत राहिली. यंत्र असतं तर बोलून दाखवलं असतं. पण हुशार यंत्र असतं तर? त्याने हेच उत्तर दिलं असतं. आणि रेवा असती तर? तिनेही हेच दिलं असतं. सकाळी टोपी घातली तेव्हा कागदावरची लाट वाक्य पुरं व्हायच्या आधीच डोंगरासारखी उठली. वानखेडेने रेघ पाहिली आणि तो बाहेर गेला. इच्छा होती ती. बाकी काही नव्हतं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी 'कांचन'चा डेक कारखान्याच्या छपरावरून नुसत्या डोळ्यांनी दिसू लागला. डेकवर माणसं मुंगीएवढी. शर्वरीने त्यांतली रेवा कोणती ते शोधायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

पौर्णिमेला सकाळी नऊला भरती चढत होती. शर्वरी टोपी घालून बसली होती. त्या सकाळी पाचव्यांदा लाल दिवा लागला होता. वानखेडेने रेडिओचा आवाज कमी करून ठेवला, कारण कप्तान आता हळू आवाजात अंतर सांगत होता, आणि ते ऐकवत नव्हतं. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि प्राची आत आली.

प्राची म्हणजे शर्वरीची धाकटी जाऊ. युद्धाच्या दिवसांत रोज दुपारी डबा घेऊन येणारी हीच. आज हातात डबा नव्हता. काठापदराची साडी नेसली होती, नाकात नथ होती, आणि रडून नाक लाल झालं होतं.

"ताई, उठा आधी. ती टोपी काढा."

"काय झालं? कोण गेलं?"

"कोण जातंय? मान गेला. कमिटी बसली काल. नऊ वर्षांनी नारळी पौर्णिमा करायची म्हणाले, जेटीवरून का होईना नारळ सोडायचा. आणि पहिला नारळ दिलाय सारंगांना."

 कातळवण्यात समुद्राला पहिला नारळ तांडेलांचा. सोनेरी कागदात गुंडाळून तांडेलांच्या घरातून निघायचा, मागे सारंग, मागे बाकीचा गाव. हे कधी ठरलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

"सारंगांना?"

"वर म्हणतात, ज्या घराने गावची खाडी अडवून ठेवली त्या घराला कसला मान. भर सभेत. तुमचे दीर उठून आले. अप्पा सारंग म्हणतो, त्याचा नातू नारळ धरणार. ढोलवाल्यांनी विचारलं, आधी कोणाच्या दारी वाजवायचं, तर त्यावरून आणखी दोन घरं रुसली. पुजारी म्हणतोय, तुमचं मिटेपर्यंत मी देवळाबाहेर येत नाही. आणि तो नाखव्यांचा म्हातारा जेटीवर उपाशी बसलाय, त्याचा तर काही संबंधच नाही."

"त्याचं काय म्हणणं?"

"त्याला कोणी विचारलं नाही म्हणून."

शर्वरी उभी राहिली. टोपीच्या तारा ताणल्या गेल्या. "नऊ वर्षं हेच सारंग या दारात हात जोडून यायचे. ताई, आमच्या होड्या, ताई, आमची पोरं. माझा माणूस याच भिंतीखाली गेला. आणि आता युद्ध संपलं आहे तर अप्पा सारंग मानकरी? मी बघते कोण नारळ उचलतो ते. त्याच्या बापाला कधी होडी सरळ लावता आली नाही..."

"काकू," वानखेडे म्हणाला.

"थांबा हो तुम्ही, तुमचं काय मध्येच."

"काकू, बाप्पा, खाली बसा जरा. सासू मानली."

शर्वरीने वळून पाहिलं. दिवा पांढरा होता. चार वर्षांपूर्वी पाहिला होता तसाच, दुधासारखा.

ती खुर्चीत बसली.  तिला आठवायचं होतं की आपण काय बोललो, आणि ते बोलताना नेमकं काय वाटलं होतं. राग, एवढंच आठवलं. खात्री कधी आली, कुठून आली, ती तिला कळलीच नव्हती. घरात मांजर शिरावं तशी शिरून बसली होती.

यंत्राच्या बाजूला एक लाकडी मूठ होती. ती खाली ओढली की सुरुंग पुन्हा जागे. पाचव्या वर्षी ती ओढायला उशीर झाला होता. शर्वरीने मुठीवर हात ठेवला.

वानखेडे जागचा हलला नाही. "तुमच्या हातात आहे," एवढंच म्हणाला.

"ओढू का?"

"मला विचारू नका. मी सांगितलं तर ते माझं होईल."

प्राचीने डोळे पुसले. तिला अजून नारळाचंच पडलं होतं. "ताई, चला ना. ढोल निघतील."

शर्वरी हात तसाच ठेवून समुद्राकडे पाहत राहिली. तिला पाचव्या वर्षाची ती सकाळ आठवली. घंटा, मिठ्या, सारंगांचे पेढे. कोणी कोणावर रुसलं नव्हतं. कोणी म्हटलं नव्हतं की आधी माझ्या दारी या. सगळा गाव कसा एकसारखा गोड झाला होता, एकसारखा गुलाबी. लिलावात तसला कल्ला दिसला असता तर तिने टोपली लाथेने सरकवली असती. आणि आज जेटीवरून आवाज येत होते, अप्पा सारंगचा खर्जातला, तिच्या दिराचा फाटका, आणि मधूनच उपाशी नाखव्याचा. हा वास तिच्या ओळखीचा होता. नऊ वर्षांत तो कुठे आला नव्हता.

तरीही तिने मूठ सोडली नाही. 'कांचन' ओळीजवळ आली. ओळीवर आली. शर्वरीने डोळे मिटले नाहीत. तिचा अंगठा मुठीवर पांढरा पडला होता. भरतीच्या एका मोठ्या लाटेवर जहाज आडवं झालं, सावरलं, आणि ओळीच्या अलीकडे आलं. काही झालं नाही. कुठलीतरी घार ओरडली.

मग तिने हात काढला आणि तो मांडीवर ठेवून पाहत राहिली, जणू कोणा दुसऱ्याचा होता.

रेवा जेटीवर उतरली तेव्हा तिथे एवढी भांडाभांडी चालली होती की तिच्याकडे कोणी पाहिलंच नाही. बेचाळीस माणसं युद्धावरून परत येत होती आणि गाव नारळावर अडला होता. शर्वरी गर्दीतून वाट काढत आली. मुलीच्या गालावर तेलाचा डाग होता. तिने अंगठ्याने तो पुसून पाहिला. निघाला नाही.

"हे काय चाललंय आई?" रेवाने विचारलं.

"पहिला नारळ कोणाचा, त्यावरून."

"आपलाच ना?"

"मग काय तर."

दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या, आणि हसता हसता रेवा रडू लागली. दारातलं ते वाक्य ती पुढे कधीच बोलली नाही. शर्वरीनेही ते कधी विचारलं नाही.

तह संध्याकाळी झाला. दोन नारळ, दोन सोनेरी कागद, दोन हात, आणि पुजारी म्हणेल तेव्हा एकदम सोडायचे. सारंगांचा नातू निमिषभर आधी सोडून मोकळा झाला असं तांडेल आजही म्हणतात. नाखव्याच्या म्हाताऱ्याला साक्षीदार केलं, तेव्हा तो जेवला.

पुढे वानखेडेला सात बंदरांच्या कुलुपांवर पाठवलं. तिथे त्याने तहाची प्रत कधीच बाहेर काढली नाही म्हणतात. आधी गावची जत्रा कधी असते ते विचारायचा. समुद्राची नोकरी सोडून तो वर्ध्याला गेला, संत्र्याची बाग केली, आणि शर्वरीला दर वर्षी पेटी पाठवायचा. ती एकेक संत्रं हुंगून पाहायची.

प्राचीला शर्वरीने एकदा सरळ विचारलं, पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी तू वानखेडेबरोबर चहा प्यायला बसली होतीस म्हणतात, ते काय होतं? प्राची म्हणाली, "मानाच्या बाबतीत मी खोटं बोलेन का ताई?" हे उत्तर होतं की नाही, ते शर्वरीला कधीच ठरवता आलं नाही. प्राची सत्तरीत गेली, नथ घालूनच.

रेवाने जेटीवर इंजिनदुरुस्तीचं दुकान काढलं आणि अप्पा सारंगच्या त्याच नातवाशी लग्न केलं. त्यामुळे पहिल्या नारळाचा प्रश्न सुटला असं कोणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. तो घरात आला एवढंच.

सुरुंग दोन वर्षांत एकेक करून वर काढले. सासूला मुंबईच्या एका संग्रहालयात काचेमागे ठेवलंय. दिवा लागत नाही.

शर्वरी तांडेल ब्याऐंशी वर्षं जगली. शेवटच्या दोन वर्षांत तिला माणसं ओळखू येत नसत. युद्ध चालू आहे की संपलं, हे ती रोज सकाळी विचारायची, आणि रेवाने काहीही सांगितलं तरी तिचं समाधान व्हायचं नाही. फक्त नारळी पौर्णिमेला रेवा तिची खाट खिडकीशी ओढायची. जेटीवरून आवाज यायला लागले, कोणीतरी कोणाचा तरी बाप काढला, की म्हातारी कान देऊन ऐकायची. मग कूस बदलून निवांत झोपून जायची.